तळातला पेपर

मलकापुरात हायवेच्या कडेला, सायकलच्या दुकानावर रूपालीच्या क्लासची खोली आहे. आत सात कॉम्प्युटर, एक पंखा, आणि भिंतीवर एकाही पोराचा फोटो नाही. बाकीच्या क्लासवाल्यांच्या भिंती हसऱ्या पोरांनी भरलेल्या. त्यामुळं आईबाप पहिल्यांदा जिना चढून आले की जरा बिचकतातच.

रूपाली मूळची तासगावची, जैनांची लेक. शाळेला सुट्टी लागली की आईबरोबर बेदाणा निवडायला जायची. शहाणा व्यापारी पेटीच्या वरच्या थराकडं बघतसुद्धा नाही, हे तिनं तिथं बघितलं. वर टपोरे, हिरवे मणी रचलेलेच असतात. तो कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढणार आणि तेवढ्यावर भाव बोलणार. पुढं रूपाली गणित शिकली, मोठ्या कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घ्यायला लागली, पण खोड तीच राहिली.

ही परीक्षा कॉम्प्युटरवरची, आणि मोठी नाठाळ. उत्तर बरोबर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. असं चाचपत चाचपत यंत्र माणसाचा आवाका हुडकतं. सरावाचे पेपरही तसेच, पण मोजके. पोरं तेच तेच पुन्हा सोडवतात, प्रश्न तोंडपाठ होतात आणि मार्क फुगतात. म्हणून रूपाली प्रत्येकाचे दोन पेपर राखून ठेवते. कुणी कितीही गयावया केली तरी वेळेआधी उघडून देत नाही.

क्लासातल्या शिवांजलीला पाहिजे होते सहाशे पंचेचाळीस मार्क. तेवढे पडले तर पुण्याचं कॉलेज, नाहीतर वर्ष गेलं. कारण कॉलेजचे फॉर्म परीक्षेनंतर महिनाभरात बंद होणार होते. सरावात तिला सातशे पाच पडले, आणि फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या तिच्या वडिलांनी, लालासाहेबांनी, ते गावभर सांगितलं. परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा रूपालीनं राखलेला पेपर काढला. पडले सहाशे पाच.

लालासाहेब तसेच जिना चढून आले. "आवं मॅडम, ऐन टायमाला पोरीचा धीर कशाला खचवताय?"

"काका, ते सातशे पाच त्याच पेपरच्या तिसऱ्या खेपेचं हाय. पेटीचा वरचा थर तो."

"मग खरं किती म्हणायचं?"

"आज बसली तर सहाशेच्या आसपास. तारीख दोन आठवडं पुढं घ्या."

"अन् लोकांना काय सांगू?"

"लोकांनी फॉर्म भरलाय का?"

लालासाहेबांनी मागं वळून लेकीकडं बघितलं. शिवांजलीच म्हणाली, "ताई, घेते मी पुढं. त्या सातशे पाचाचा मलाबी भरवसा न्हवता. निम्मी उत्तरं प्रश्न वाचायच्या आधीच आठवायची."

मग रोज नवे प्रश्न. शिवांजली जिथं अडायची तिथं रूपाली शेजारी खुर्ची ओढून बसायची, घरचा स्वयंपाक नवऱ्यावर सोडून. शेवटी दुसरा राखीव पेपर निघाला. सहाशे पस्तीस.

"सहाशे पंधरा ते सहाशे पंचावन्न, यात कुठंतरी पडतील," रूपाली म्हणाली. "याच्यापुढचं मला कळत न्हाई."

"म्हंजे हुईल बी, न्हाई बी?" लालासाहेब म्हणाले. "फौजेत असला रिपोर्ट दिला असता तर सायबानं मला पुन्हा टेहळणीला धाडलं असतं."

"धाडलीच की आपण पोरगी, दोन आठवडं."

परीक्षा देऊन शिवांजली बाहेर आली ती रडवेली. फोनवर म्हणाली, "ताई, शेवटी शेवटी एकबी सोपा आला न्हाई."

"मग रडतीस कशाला? चुकत असतीस तर सोपं आलं असतं."

तिसऱ्या दिवशी मार्क कळले. सहाशे पंचावन्न. लालासाहेब कंदी पेढे घेऊन आले आणि रूपालीच्या पाठीवर शाबासकी द्यायला निघाले, तर ती म्हणते, "काका, त्यातलं धा मार्क त्या दिवसाच्या नशिबाचं. पुन्हा बसवली तर पडतीलच असं न्हाई."

पेढा खाऊन झाला तरी लालासाहेब उठेनात. शेवटी कसंनुसं हसत म्हणाले, "मॅडम, एक घोळ झालाय. सातशे पाचाचा फ्लेक्स मी आधीच छापलावता. आठ बाय धा."

रूपालीनं हसू दाबलं. "नवा छापा. खरा आकडा घालून."

"अन् जुना?"

"कडबा झाका की."

आता गावाच्या वेशीत सहाशे पंचावन्न झळकतात. आणि लालासाहेबांच्या गोठ्यामागं, गंजीवर पसरलेली शिवांजली सातशे पाच मार्क घेऊन आभाळाकडं बघत हसते. वारा सुटला की उडू नये म्हणून त्या आकड्यावर त्यांनी दोन दगड ठेवलेत.