खाली निजलीय ती

मी डॉक्टर आहे, त्यातही कॅज्युअल्टीची. आमच्याकडं रोज कुणीतरी आधी दृष्ट काढून, अंगारा लावून, मग उशिरा पेशंट घेऊन येतं, आणि मी त्यांना चांगली झापते. त्यामुळं भुताखेताच्या गोष्टी मला सांगायला कुणी धजत नाही. आज मीच सांगायला बसलेय... हसायचं तर हसा.

कोल्हापुरात, राजारामपुरीजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये माझी सकाळची ड्युटी होती. राधानगरीकडच्या एका गावातून सुरेखा आली, तिशीतली. सोबत फक्त नवरा. पहाटेपासून पोटात कळा, उलट्या, घसा आवळल्यासारखा.

"पित्त हाय मॅडम, जुनंच," नवरा म्हणाला. ईसीजी चांगला, बीपी चांगलं.

आता, आमच्या भागात पहाटे पोट धरून उठलेल्या पेशंटला एक प्रश्न विचारायचाच असतो. मण्यार हा साप रात्री अंथरुणात शिरून चावतो. बऱ्याचदा दुखत नाही, खूण दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, आणि मग हळूहळू श्वासच बंद पडतो. म्हणून विचारलं, "रात्री खाली झोपली होती का ही?"

"न्हाय न्हाय. घरात कॉट हायत की दोन," नवरा जरा दुखावूनच म्हणाला.

झालं. पित्ताची औषधं लिहिली, नवऱ्याला ती आणायला पाठवलं आणि शेजारचा रिकामा बेड सोडून पलीकडच्या बेडकडं गेले. शिरोलीच्या फाउंड्रीत हात भाजलेला एकजण तिथं बसला होता. त्याचं ड्रेसिंग बघतेय, तोवर पाठीमागून आवाज आला. बाईचा, म्हातारा आणि चांगलाच चिडका.

"अगं ए, पित्त पित्त काय लावलंयस? खाली निजलीय ती. डोळं बघ की तिचं."

डॉक्टरला अगं-तुगं हे कोल्हापुरात काही नवीन नाही. 'पेशंटजवळ एकच नातेवाईक' असं बजावायला मी तरातरा वळले. पडद्याआड सुरेखा एकटीच होती, आणि तिच्या दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. "डोळे उघडा," म्हटलं तर कपाळाला आठ्या पडल्या, पापण्या हलल्या नाहीत.

सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. तेवढ्यात श्वास उथळ झाला, नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतली. अजून थोडा उशीर झाला असता तर गेलीच होती. नवरा औषधं घेऊन आला तसं त्याला धरलं. "खरं सांगा, खाली झोपली होती ना?"

"व्हय... आता समदी खालीच की. आई गेली न्हवं आमची? सुतकात कॉटवर कोन झोपतंय?" त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं, घरात कॉट हाय का न्हाय ते इचारताय."

त्याच्यावर काय चिडणार?

नंतर ड्रेसिंगवाल्याला विचारलं, कुणी म्हातारी बघितलीस का? तो म्हणाला, "न्हाय ओ. माझा हात पेटलाय, म्हातारी कुठं बघू?" मीही विषय सोडला. पापण्या उतरताना मीच ओझरत्या बघितल्या असतील, आणि मनानं त्याचा आवाज केला असेल. चालतं, होतं असं. पण खाली निजलीय, हे मला कुणी सांगितलं होतं?

सुरेखा वाचली. नळी काढल्यावर मी सहज विचारलं, काही आठवतंय का? या विषात अंग लुळं पडतं, पण पेशंटला सगळं ऐकू येत असतं.

घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या वरडल्या न्हवं तुमच्यावर?"

इकडं सुना सासूला आत्या म्हणतात. त्या आवाजाबद्दल मी हॉस्पिटलमध्ये त्या ड्रेसिंगवाल्याशिवाय कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, आणि तो तर त्याच दिवशी घरी गेला होता.

यावर मी किती रात्री डोकं लावलंय. सुरेखाला मात्र त्याचं नवल नव्हतंच. तिला लागलं होतं ते वेगळंच.

"लगीन करून आल्यापासनं माझ्यासंगं कवा धड बोलल्या न्हाईत," ती म्हणाली. "आनि माझ्यासाठी डॉक्टरीणबाईसंगं भांडल्या."

मग ती रडायला लागली. मीही तिच्या बेडवर बसले आणि रडले.