पट्टीवाले आणि गाण्याच्या वर्गाचा जिना

पायरीची कड ही मोठी नाजूक जागा. जिना उतरणाऱ्या माणसाचा मागचा पाय सुटलेला असतो आणि पुढचा अजून टेकलेला नसतो. त्या निमिषापुरता तो कुणाचाच नसतो, ना वरच्या पायरीचा, ना खालच्या. अशा वेळी त्याला कोण सांभाळतं? भाविक म्हणेल, देव. पट्टीवालेही तेच म्हणत, पण हसून पुढे जोडत, "देवच हो! फक्त त्यालाही धरायला बोटभर खरखरीत जागा लागते. ती करून देणं माझ्याकडे."

दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या इमारतींमध्ये पायऱ्यांच्या कडांना कोणती पट्टी लावावी हे सांगायचं, ती आणून द्यायची आणि स्वतःच्या हाताने बसवायची, हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. त्यांना नाव होतं. पण त्या नावाने हाक मारणारा थोरला भाऊ गेला, मग बायको गेली, आणि हाकेवाचून नावही कुठेतरी मिटून पडलं. उरलं ते पट्टीवाले. तेही लोकांना धड ऐकू येत नसे. इमारतीच्या दारावरचे रखवालदार विचारीत, "पट्टेवाले का? कुठल्या साहेबांचे?"

"पट्टेवाला साहेबांच्या दाराशी उभा असतो," ते सांगत. "मी दारापर्यंतही पोचत नाही. मी जिन्यावरचा."

हे ते विनोदाने म्हणत, पण त्यात रतीभरही अतिशयोक्ती नव्हती. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या पोटात ते शिरले होते आणि एकाही इमारतीची खोली त्यांनी आतून पाहिली नव्हती. दारं त्यांना बाहेरून ठाऊक होती. हे दार दंतवैद्याचं, त्यातून लवंगेचा वास येतो. हे वकिलाचं, त्याच्यामागे कायम कुणीतरी खोकतं. दारं उघडत, माणसं आत जात, दारं मिटत. पट्टीवाले बाहेर गुडघ्यांवर बसून माणसांचे पाय ओळखायला शिकले. चेहरे मात्र त्यांना कुणी दाखवले नाहीत.

आणि गंमत पाहा, जन्मभर ज्यांनी जिने केले त्यांच्या स्वतःच्या घराला एकही पायरी नव्हती. पत्नीचे गुडघे दुखत, म्हणून तळमजल्यावरची खोली घेतलेली. तिच्या माघारी तिच्या खुर्चीवर नमुन्यांची पेटी बसू लागली. संध्याकाळी ते रेडिओ लावत, पण अगदी हळू. कुणी दार वाजवलं तर ऐकू यावं म्हणून. दार वाजत नसे. दूरगावी दिलेली लेक फोन करी. "बाबा, जेवलात का?" "जेवलो गं." "काय जेवलात?" या दुसऱ्या प्रश्नाशी ते नेहमी अडखळत.

अशा माणसाला एके दिवशी एका इमारतीच्या मालकाचा निरोप आला. इमारत तीन मजली. खाली औषधांचं दुकान, मध्ये हिशेबनीसांची कचेरी, वर गाण्याचा वर्ग. जिना काळ्या घोटीव दगडाचा, आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी त्याच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. त्यावरून गाण्याच्या वर्गातले म्हातारे पेटीवाले पडले होते. हात मोडला, पेटीही मोडली. मालक म्हणाले, "पट्टी तुम्हीच निवडा, मला त्यातलं काही कळत नाही. पण लवकर करा. उद्या एखादं लेकरू पडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पट्टीवाले नमुन्यांची पेटी घेऊन दाराशी आले. रखवालदाराने पेटी पाहिली, पांढरे केस पाहिले आणि विचारलं, "कोण आपण?"

"पट्टीवाले."

"पेटीवाले! अहो या, या! बाई केव्हाच्या वाट बघताहेत. सरळ वर. सावकाश जा बरं, आधीचे पेटीवाले याच जिन्यावर..."

पट्टीवाले चूक दुरुस्त करायला तोंड उघडणार, तोवर रखवालदाराने वर हाक दिली होती आणि वरून उत्तरही आलं होतं. त्यांनी पायऱ्या चढता चढता सवयीने पारखल्या. दगड काळा, म्हणजे कडेला उजळ रंग हवा. रोज ओल्या फडक्याने पुसतात, म्हणजे गुळगुळीत पितळ नको. पोरंटोरं धावतात, म्हणजे चिकटवलेली टिकणार नाही, स्क्रूनेच आवळायला हवी. करड्या धातूची, मध्ये खरखरीत पिवळा पट्टा असलेली. तिसरा मजला येईतो निवड होऊनही गेली. तो नमुना पेटीच्या तळाशी होता.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. पट्टीवाल्यांसाठी उघडलं! दारात गाण्याच्या बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या.

"या ना, आत या. बसा. दमला असाल, आधी चहा घ्या. मग पट्टी ठरवू."

पट्टीवाल्यांना वाटलं, बरं झालं, यांना कळलं मी कोण ते. त्यांनी चपला काढल्या, आत आले, खुर्चीवर बसले. चहा आला. समोर सतरंजीवर मुली बसलेल्या. बाईंनी विचारलं, "आमची पोरं काळी चारमध्ये गातात. तुम्हाला चालेल ना?"

"काळी नको," पट्टीवाले ठामपणे म्हणाले. "काळी दिसत नाही. मी पिवळी सुचवीन."

मग एक मुलगी फिस्सकन हसली, मग दुसरी. पट्टीवाल्यांनी गोंधळून पेटी उघडली आणि आतून सूर नव्हे, धातूचे तुकडे निघाले, तेव्हा बाई खुर्चीचा हात धरून हसू लागल्या.

"अहो, म्हणजे तुम्ही जिन्याची पट्टी! आणि मी तुम्हाला गळ्याची विचारतेय!"

पट्टीवाले लाजेने उठू लागले. "माफ करा. मी बाहेरच थांबतो."

"बसा हो. चहा काय फक्त पेटीवाल्यांनाच देतात? आमच्याकडे पट्टी चुकली तर सूर जातो, तुमच्याकडे चुकली तर माणूस जातो. तुम्ही तर आमच्याहून मोठे."

ते बसले. चहा संपला तरी बसले. मुलींनी सूर लावला आणि तो त्या छोट्या खोलीच्या चारी भिंतींना लागून त्यांच्यापर्यंत आला. दाराच्या फटीतून गाळलेला नव्हे. सबंध, ऊबदार, माणसांच्या श्वासासकट. हे परमेश्वरा, घराच्या आत बसून आवाज ऐकणं ही किती मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांना ती रोज मिळते त्यांना तिची खबरही नसते!

निघताना बाईंनी विचारलं, "मग, ठरली पट्टी?"

पेटीच्या तळाशी बोटं गेली आणि तिथेच थांबली. पट्टी ठरली की ती बसणार. बसली की काम संपणार. संपलं की हे दार इतर दारांसारखं होणार.

"एकदोन नमुने आणून बघावे लागतील," ते म्हणाले.

ते पुन्हा आले. पितळी पट्टी आणली. चहा झाला, दोन गाणी झाली, आणि पितळ ओलं झालं की घसरतं म्हणून नापास झालं. पुन्हा आले, रबराची आणली. ती काळ्या दगडावर दिसेना. मग वाळूच्या कागदासारखी चिकटपट्टी आणली. तिचे कोपरे सुटून वर येतात आणि त्यात चप्पल अडकते. प्रत्येक दोष खरा होता. खोटं असं ते एक अक्षरही बोलत नव्हते, आणि म्हणूनच मनाची समजूत घालणं सोपं जात होतं.

रखवालदार आता उठून सलाम करी. "काय काका, आज कुठला नमुना? जावईसुद्धा सासुरवाडीला येत नाही इतक्या वेळा तुम्ही येता."

"जावयाला जिन्यावर गुडघे टेकायला लावतात का?" ते विचारत, आणि तो खो खो हसे.

बाई म्हणत, "सोनं घेताना माणसं इतकं पारखत नाहीत हो! तुम्ही अगदी पट्टीचे पट्टीवाले आहात." मुली त्यांच्यासाठी दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवू लागल्या. एकदा लेकीचा फोन तिथेच आला. "बाबा, मागे गाणं कसलं?" "अगं, एका ठिकाणी बसलोय," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन मुलींच्या दिशेने धरला.

पण रात्री अंथरुणावर पडलं की तो काळा जिना डोळ्यांपुढे येई. त्याच्या कडा अजून उघड्या होत्या. मुली उड्या मारीत उतरत होत्या. ते कूस बदलत आणि स्वतःला सांगत, पुढच्या खेपेला नक्की.

पुढच्या खेपेला त्यांनी पांढऱ्या पट्ट्याचा नमुना आणला. तो मळतो हे त्यांना घरीच ठाऊक होतं. वर्ग सुरू व्हायचा होता. मधल्या वळणावरच्या एका पायरीवर तो ठेवून त्यांनी हाक मारली, "बाई, जरा वरून बघता का? उतरताना दिसते की नाही, सांगा."

गरज कसलीच नव्हती. कुणीतरी आपल्या हाकेसरशी यावं, एवढीच ती गरज होती.

"आले, आले," म्हणत बाई बाहेर आल्या. पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या. बाईंची नजर खाली त्या पांढऱ्या तुकड्यावर होती, पायाखालच्या कडेवर नव्हती. पाय सटकला. चप्पल भिंतीवर आपटली, हात कठड्यावर सापडला, गुडघा दगडावर घासला आणि बाई पायरीवर धपकन बसल्या. खालच्या वळणाशी, जिथे आधीचे पेटीवाले पडले होते, तिथे बाईंचा चष्मा जाऊन फुटला.

पट्टीवाले धडपडत त्यांच्यापाशी पोचले.

"अहो, वाचले मी," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावरचं रक्त पाहून कसनुशा हसल्या. "आता मलाही पट्टी लागणार. तुमच्याकडची नव्हे, खालच्या औषधवाल्याकडची. पण माझ्यापेक्षा तुम्हीच घाबरलात! बसा बघू आधी."

पडलेली बाई त्यांना बसायला सांगत होती. ते बसले नाहीत. त्यांनी पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि करड्या धातूचा, पिवळ्या पट्ट्याचा तुकडा काढून पायरीवर ठेवला. काळ्या दगडावर ती पिवळी रेघ दिवा लावल्यासारखी दिसली.

"ही," ते म्हणाले. "हीच बसवायची."

बाईंनी तुकड्याकडे पाहिलं. त्याच्या कोपऱ्यांवर पेटीच्या तळाची धूळ बसली होती. "ही आजच आणलीत?"

"नाही."

"मग इतके दिवस?"

पट्टीवाल्यांनी अंगठ्याने ती धूळ पुसली. कठडा धरून बाई उठल्या, एक चप्पल पायात, एक हातात. दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "चहा ठेवते. घेऊन जा." त्या दिवशी मात्र तो चहा पट्टीवाल्यांनी उभ्यानेच, उंबऱ्याबाहेर घेतला.

जिन्याच्या पट्ट्या नेहमी वरून खाली बसवत आणतात. बसवलेल्या पायरीवर बसवणाऱ्याचाच पाय लगेच पडू नये म्हणून. म्हणजे ते काम माणसाला आपोआपच दारापासून दूर नेतं. पट्टीवाल्यांनी पहिली पट्टी बाईंच्या उंबऱ्यापाशी लावली, तेव्हा आतून गाण्याचा शब्दन् शब्द कळत होता. दगडाला भोक पाडायचं, धूळ फुंकायची, पट्टी टेकवायची, कडेशी बोट फिरवून ती वर उचललेली नाही ना हे पाहायचं, स्क्रू आवळायचा. मग एक पायरी खाली. वळणापर्यंत आले तेव्हा शब्द विरले, नुसती चाल उरली. हिशेबनीसांच्या दारापाशी तीही गेली. ऐकू येत होता तो फक्त पेटीचा घुमारा. नवे पेटीवाले आले होते. ते त्यांच्या अंगावरून वर गेले, तेव्हा पट्टीवाल्यांनी सरकून वाट दिली होती आणि नव्या पट्टीवर पडणारं त्यांचं पाऊल निरखलं होतं. पाऊल घट्ट पडलं होतं.

दुपारी बाई खाली डोकावल्या. गुडघा अजून बांधलेला होता. "आता पुन्हा कधी येणार?"

"पट्टी निघाली, की बोलवा," ते म्हणाले.

"निघते का अशी?"

"नीट बसवली तर नाही."

मग आतून कुणीतरी "बाई" अशी हाक मारली, आणि त्या गेल्या.

सगळ्यात खालच्या पायरीशी पट्टीवाले पोचले तेव्हा ऊन कललं होतं. मागे रस्ता वाहत होता. पट्टी लावून झाली, उरला कोपऱ्यातला एक स्क्रू. तो त्यांनी अर्धा फिरवला आणि हात थांबला. इथून उंची अशी ती कितीशी? अर्ध्या वेढ्याची ढिलाई कुणाच्या डोळ्याला दिसणार? महिन्याभरात पट्टी किंचित हलेल, खुळखुळेल, रखवालदार म्हणेल, काकांना बोलवा. मग पेटी घेऊन यायचं. मग वर जाऊन सांगायचं, की जरा खालची पट्टी बघायला आलो होतो.

वरून मुली उतरू लागल्या. वर्ग सुटला होता. एकमेकींना ढकलत, हसत, धडाधड पावलं टाकत त्या आल्या. एकीचंही लक्ष पायांकडे नव्हतं. पिवळ्या रेघा एकामागून एक त्यांना झेलत होत्या आणि पुढच्या पायरीच्या हवाली करत होत्या.

"काका, अच्छा!" एकजण ओरडली, आणि बाकीच्या तिच्यामागून रस्त्यावर पसरल्या.

पट्टीवाल्यांनी पेचकस धरला आणि स्क्रू आवळला. पुरता, तळहात दुखेपर्यंत. मग कडेवरून बोट फिरवलं. कुठेही काही उचललेलं नव्हतं.