माझं उष्टं, त्यांचा ज्वर

घास माझ्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला.

माझं डोहाळजेवण होतं. काचीगुड्याला, सासरच्या घरी. अंगावर फुलांची वाडी, समोर ताट. सासूबाईंनी बासुंदीत बुडवलेला पुरीचा तुकडा उचलला. माझ्या वरच्या ओठावरचे फोड पाहिले. तुकडा ताटात टाकला.

"तुझ्या हातानंच खा गं. कुणाचं उष्टं तोंडाला लावलंस, काय की."

बायका हसल्या. एक म्हणाली, "गौलीगुड्यात एकाच ग्लासात सगळे पितात म्हणे."

गौलीगुडा म्हणजे माझं माहेर. माझी माय कोपऱ्यात बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. तिनं मान खाली घातली. मायनं जन्मभर याच काचीगुड्यात भांडी घासली. प्रत्येक घरात तिचा चहाचा कप वेगळा. खिडकीत, पालथा. आमची जात मी इथे लिहीत नाही. त्या खोलीत ती सगळ्यांना ठाऊक होती.

मी शिकले, नोकरीला लागले, वकिलाच्या मुलाशी लग्न केलं. वाटलं, तो कप सुटला.

माझ्या हातानं जेवले. भूक लागली होती, काय करणार. लाज वाटली, रागही आला. पण सगळ्यात जास्त दमले होते. पाय सुजलेले, पाठ धरलेली, त्यात ओठाची आग. भांडायलाही अंगात जीव लागतो.

दुसऱ्या दिवशी मलकपेठच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवरा सोबत होता. जीव मुठीत धरून विचारलं, बाळाला काही होईल का?

त्या म्हणाल्या, "होंठ के फोड से पेट के बच्चे कू कुछ नहीं होता. बहुत लोगां कू बचपन से रहता ये. बुखार आया, थकान हुई के निकलता."

मलम लिहून दिलं. फोडाला हात लागला तर धुवायचा, खपली पडेपर्यंत ग्लास आणि टॉवेल वेगळा. मग म्हणाल्या, "बच्चा होने के बाद, जिसके होंठ पे फोड, वो बच्चे कू चूमना नक्को. माँ रहो, दादी रहो, कोई भी रहो."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी त्यातला ग्लास तेवढा ऐकला. स्टीलचा एक जुना ग्लास काढून खिडकीत ठेवला. पालथा. मी त्यातूनच पाणी प्यायले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

खपली पडली. ओठ स्वच्छ झाला. मी ग्लास घासून मांडणीवर लावला. संध्याकाळी तो पुन्हा खिडकीत. पुन्हा लावला. पुन्हा खिडकीत. नवऱ्याला दाखवला.

"जाऊ दे ना. एका ग्लासानं काय होतं?"

काय होतं ते माझ्या मायला विचार, असं म्हणणार होते. दमले होते. पाणी प्यायले आणि आडवी झाले.

मग सासूबाईंना ताप आला. उतरला, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात फोड उठले. तसेच. पाण्यानं भरलेले, झोंबणारे. सासरे म्हणाले, "ज्वर फुटला वाटतं. दर उन्हाळ्यात होतं हिला. उष्णता." नवऱ्यानं सब्जाचं पाणी करून दिलं. मांडणीवरच्या ग्लासात. त्याला म्हणे लहानपणापासून होतं हे. त्याचीही उष्णताच.

म्हणजे माझं उष्टं आणि त्यांचा ज्वर.

त्या दिवशी माय मला भेटायला आली होती. सासूबाई फोडांवर तूप लावत तिच्यादेखत म्हणाल्या, "बाळ आधी माझ्या मांडीवर द्यायचं बरं का. पहिला पापा मी घेणार. हिच्या तोंडाचं काही सांगता येत नाही."

मायनं पुन्हा मान खाली घातली.

ती मान मला बघवेना. मी विचारलं, "आई, तुम्ही कुणाचं उष्टं खाल्लंत?"

नवरा म्हणाला, "अगं, काय बोलतेस?"

"त्यांनी मला विचारलं तेच."

मी जड पोटानं उठले. मांडणीवरचा ग्लास घेतला, पाणी भरलं, मायच्या हातात दिला. तिनं वरून ओतून प्यायचं म्हणून तो उंच धरला. सवय. "माय, तोंड लावून पी," मी म्हटलं. ती प्यायली.

मग मी सांगितलं. आवाज चढवला नाही, तेवढा उरलाच नव्हता.

"ज्याच्या ओठावर फोड, तो बाळाचा पापा घेणार नाही. मी असले तर मी नाही. तुम्ही असलात तर तुम्ही नाही. आणि खिडकीतला ग्लास. मी गौलीगुड्याला जाते बाळंतपणाला. बाळाला घेऊन परत यायच्या दिवशी तो तिथे दिसला, तर मी दारातूनच मागे फिरेन. बाळासकट."

नवरा खिडकीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवी भरायला घेतली.