मयताशी नाते: स्वतः

आई वारल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला तेव्हा आई समोर बसून नारळ खवत होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्यामागे आईला केंद्राचं आरोग्य कार्ड आहे, त्या योजनेचा तो मेसेज. मृत्यूची तारीख आणि खाली सांत्वनाचं एक वाक्य.

मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या हॉस्पिटलात ते विरलं. आईचा डावा डोळा केव्हाच गेलाय. उजव्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं, आणि आता थांबलात तर हाही जाईल असं डॉक्टरांनी बजावलेलं. खिडकीतल्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, ह्या मयत दाखवतायत."

आईने मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. त्यानंतर ती मुलगी फक्त माझ्याशी बोलत राहिली, जणू शेजारची खुर्ची रिकामी होती.

"तारीख कुठली गं?" आईने मला विचारलं. मी सांगितली.

"त्या दिवशी तर आपण गच्चीत कुरडया घातल्या. तूच चीक घाटलास."

योजनेच्या कार्यालयात फोन लावला. नोंद दिल्लीहून आलीय, आम्हाला पुसता येत नाही, म्हणाले. मृत्यू झालाच नसेल तर तुमच्याकडच्या जन्म-मृत्यू निबंधकाचा तसा दाखला आणा.

मी डोंबिवलीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. केंद्र आणि राज्यं यांच्यात अधिकार का वाटले? सगळी सत्ता एका हाती गेली तर नागरिकाचं स्वातंत्र्य धोक्यात येतं म्हणून. दोन गुण. वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं, पण मला स्वतःला तो वेळखाऊ प्रकार वाटायचा. दोन सरकारं, दोन रांगा.

मृत्यूनोंदणीचा कायदा केंद्राचा, पण वही राज्याने नेमलेल्या निबंधकाच्या ताब्यात. म्हणून आम्ही दोघी कल्याणला निबंधकाच्या कार्यालयात गेलो. अर्ज मी भराभर भरला. मयताचे नाव: आईचं. मयताशी नाते: मुलगी. खाली सही. कारकुनाने वाचून तो परत सरकवला.

"काय मॅडम, दिल्लीवाल्यांनी मारलं ते मारलं, तुम्ही सही करून कबूलपण केलंत?"

"आण इकडे," आई म्हणाली. कागद उजव्या डोळ्याला टेकेल इतका जवळ नेऊन तिने 'मुलगी' खोडलं आणि लिहिलं, 'स्वतः'.

कारकून वहीत शोधू लागला. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. आईने माझं मनगट धरलं होतं. एका ओळीवर बोट थांबलं.

"नाव हेच. नवऱ्याचं नावही हेच." त्याने वर पाहिलं. "आजी, वय काय तुमचं?"

"ब्याऐंशी."

"ह्या एकोणसाठच्या. शहाडच्या." बोट पुढे सरकलं. वर दिल्लीत कुणी नावापुढचं वय पाहिलंच नव्हतं.

"बिचारी," आई म्हणाली. "तिचा मेसेज कुणाला गेला असेल?"

कारकुनाने पान उलटलं.

शेवटच्या पानानंतर त्याने शिक्का मारला. "जा आजी, आमच्याकडे नाही मेलात तुम्ही." मग मला समजावत म्हणाला, "पुढे हा त्रास नाही राहणार मॅडम. सगळ्या नोंदी वर दिल्लीत एकाच ठिकाणी होणार. तिथे लागलं की सगळीकडे लागलं."

"आणि चुकीचं लागलं तर? हा दाखला कोण देणार?"

त्याने खरोखर विचार केला. "दाखला लागणारच नाही ना."

महिन्याभरापूर्वी एवढी सोय ऐकून मी खूश झाले असते.

हॉस्पिटलने दाखला मानला. गुरुवारी ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आईने त्या दिवशीच्या कुरडया तळल्या. आम्ही खात असताना मोबाइल वाजला. 'मृत्यूनोंदीची दुरुस्ती विचाराधीन आहे.' या वेळी तिने ते स्वतः वाचलं. दोनदा.

"तो दाखला कुठे ठेवलायस?"

"कपाटात."

"माझ्याकडे दे," ती म्हणाली. तेव्हापासून तो तिच्या उशीच्या अभ्र्यात असतो.