मी निवडून साफ केलेला समुद्र

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला. दोन्ही वेळा नवऱ्याची चप्पल वाहून गेली. एवढ्या अनुभवाच्या बळावर गेल्या मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हाळ्यात, कूलरसमोर मांडी घालून मी उत्तरेकडच्या एका थंडगार समुद्राची वाट लावली.

माझी भाची अमरावतीच्या एका कंपनीत लागली होती. काम काय, तर हिमनग शोधणं. हे ऐकून आमच्या वलगावच्या दिरांनी विचारलं होतं, की पोरगी शोधते ते ठीक, पण अमरावतीत सापडतो का? तर तसं नव्हतं. आकाशातून रडारनं समुद्राची चित्रं काढतात. ढग असो, धुकं असो, त्यात दिसतं. काळ्या पाण्यावर पांढरे ठिपके. संगणक संशय येईल तिथं पिवळा गोल काढून ठेवतो. मग भाचीनं एकेक गोल पाहून ठरवायचं: जहाज, बर्फ की नुसती लाट. त्यावरून नकाशा होतो आणि जहाजं तो पाहून वाट काढतात. तिची नोकरी पक्की व्हायला महिना उरला होता.

ती चार दिवस माझ्याकडे आली, लॅपटॉपसकट. मी शेजारी बसून पाहायची. ती गमतीनं विचारायची, मावशी, हे काय? मी सांगायची, आणि बहुतेक बरोबर निघायचं. का नाही निघणार? वीस वर्षं मी दालमिलमध्ये वानगी तपासते. मूठभर डाळ ताटात पसरायची, खडा, माती, डागी दाणा वेचून काढायचा. शंका आली तरी काढायचा. चांगला दाणा गेला तर कोणाचं काही जात नाही, खडा राहिला तर गिऱ्हाइकाचा दात जातो. समुद्रात शंका आली तर काय करायचं, हे भाचीनं सांगितलंही असेल. तेव्हा मी चहाचं आधण पाहायला उठले असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, आणायला स्टेशनवर गेली. गाडी उशिरा होती. लॅपटॉप उघडाच. एक चित्र अर्धं राहिलेलं, संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. पोरीला उन्हातून येऊन पुन्हा डोळे फोडायला नकोत, म्हणून मी बसले. ठळक ठिपके ठेवले. जे पुसट, अर्धेमुर्धे, धड ना जहाज धड ना बर्फ, त्यांचे गोल काढून टाकले. काय सुंदर दिसायला लागला समुद्र! निवडलेल्या डाळीसारखा. मग तिला दाबताना पाहिलं होतं ते खालचं बटण दाबलं आणि चित्र पाठवूनही दिलं.

दोघी आल्या. मी पाण्याचे पेले हातात देत ऐटीत सांगितलं, की तुझं काम झालं. भाचीनं पेला घेतला नाही. उभ्या उभ्याच पडद्यावर वाकली.

"मावशी, इथचे गोल कुठं गेले?"

"पुसट होते. खड्यासारखे वेचून काढले."

तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं उन्हानं चक्कर आली. मग ती हळू बोलली, आणि ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

"तू गोल पुसल्यानं बर्फ तिथून जात नाही, मावशी. फक्त जहाजाले तो दिसत नाही."

अकोल्यात बसून, हातात रिमोटही नसताना, मी माणसं बुडवू शकते? हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! तशातही माझं डोकं चाललं. म्हटलं, साहेबांना सांग ना, लाइट गेली, हात सरकला. बहीणही म्हणाली, नोकरी पक्की व्हायला महिनाभराचा तर प्रश्न आहे. आमची वाक्यं संपायच्या आत पोरीनं साहेबांना फोन लावला होता. मावशीनं हात लावला, उघडं ठेवणं ही माझी चूक, नकाशा पुढं जाऊ देऊ नका. एवढंच बोलली. एक शब्द मऊ केला नाही. माझा पदर तोंडात.

नकाशा अजून निघाला नव्हता. तिनं घाम पुसत सगळे गोल पुन्हा पाहिले. बहीण बॅग घेऊन दारातच उभी. बहुतेक लाटा निघाल्या. दोन ठिपके काही केल्या ठरेनात, त्यांच्यावर तिनं 'बर्फ' लिहिलं आणि पाठवलं. नंतर साहेबांचा फोन आला. उद्यापासून काम ऑफिसात बसूनच, आणि नोकरी पक्की व्हायला आणखी तीन महिने.

ती बॅग भरायला लागली. मला राहवेना.

"ते दोन खरंच बर्फ होते का गं?"

"माहीत नाही."

"मंग जहाज उगाच येवढा वळसा घालून जाईन?"

"जाऊ दे ना," ती चार्जर गुंडाळत म्हणाली.