पाचात पाचवा

थेल्मा केटलवेलनं एकोणीस वर्षं आमच्या गावचा गरम पाण्याचा हौद घासला. बोअरचं पाणी जमिनीतनं चटका देतच वर येतं, हौदात निवतं, अन् मेंढ्या कातरून कंबर गेलेली माणसं त्यात गळ्यापर्यंत बुडून बसायची. रॉडनी स्प्रॉट महापौर झाला आणि त्यानं हौदाला कुलूप ठोकलं. खर्च झेपत नाही म्हणाला. त्या दिवसापासून थेल्मानं त्याचं नाव तोंडात घेतलं नाही. 'तो माणूस' म्हणायची. खांद्यावरचा टॉवेल मात्र उतरवला नाही.

मार्चात गावच्या कौन्सिलची निवडणूक लागली. आमच्याकडं मत म्हणजे नावांपुढं पसंतीचे आकडे लिहायचे: एक सगळ्यात आवडत्याला, शेवटचा सगळ्यात नावडत्याला. महापौराच्या कागदावर एकाच नावापुढं एक लिहिलं तरी मत चालतं. थेल्मानं तसंच केलं, आणि तो माणूस पडला. हौदाची किल्ली मात्र त्यानं अजून परत केली नव्हती. पण पडलेला गप बसतोय होय? ऑक्टोबरात राज्याच्या निवडणुकीला उभा!

शनिवारी शाळेत मतदान, अन् दाराबाहेर दरवेळसारखा सॉसेज-पावाचा ठेला. मी थेल्माच्या मागंच रांगेत होतो. मतपेटीपाशी लीअ‍ॅन हॉस्किन कामाला बसलेली. तिला पोहायला थेल्मानंच त्या हौदात शिकवलेलं.

"एक लिवलंय. बाकी समदं कोरं," थेल्मा मोठ्यानं म्हणाली. "त्या माणसाला माझ्या हातचा आकडा मिळायचा न्हाई."

"मावशी, कुणाला दिलं ते सांगू नका. पण हितं सगळ्या चौकटीत आकडे लागतात. एवढ्यावर मत बाद हुईल."

"मार्चात चाललं की गं!"

"ती कौन्सिलची हुती. ही राज्याची."

"म्हंजे त्यालाबी आकडा द्यायचा? मी?"

मागनं कुणीतरी वराडलं, "ए म्हातारे, दे की कायतरी अन् आटप! भायेर सॉसेजवरचा कांदा करपाय लागलाय!"

"करपू दे! तुझा कांदा दुसरा भाजता यील. माझं मत बाद झालं तर तो माणूस हसंल."

कागद तसाच मुठीत धरून ती माघारी मत लिहायच्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. आम्ही वाट बघत उभे. शेवटाला शिसपेन्सिलीचा कर्र आवाज आला न् टोक मोडलं. कागद पेटीत टाकून थेल्मा बाहेर पडली. मागोमाग मीही.

फाटकाबाहेर खुद्द स्प्रॉट आपल्या फोटोचे कागद वाटत होता. थेल्माच्या हातात पावात गुंडाळलेलं सॉसेज, बोटांवरनं तेल ओघळलेलं.

"काय थेल्मा, या खेपेला तरी आठवण ठेवलीस का माझी?"

"ठेवली की. पाच जण उभं हाईत, त्यात तू पाचवा. लई दाबून लिवलाय."

त्याचं हसू तिथंच आटलं. थेल्मानं सॉसेजचा शेवटचा घास संपवला, त्याच्या हातातला एक कागद ओढून घेतला, फोटोतल्या गालांना सावकाश दाही बोटं पुसली आणि परत त्याच्याच हातात दिला.

"निकाल लागायचा तवा लागू दे. मी हौदाच्या फाटकापाशी बसतीया. किल्ली घिऊन ये."

टॉवेल सावरत ती निघाली.