डोक्यातलं माप

नौमान मुजावर आठ वर्षं एकच काम करत होता आणि ते काम नेमकं काय, हे त्याच्या सासऱ्यांना अजून कळलेलं नव्हतं. "जावई कॉम्प्युटरमधी कायतरी करत्यात," एवढ्यावर ते थांबत. नौमानही त्यांना पुढे नेत नसे. समजावायला गेलं की लोक पहिल्या मिनिटाला 'हां हां' म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला चहा मागवतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

तरी आपण सांगून टाकू. परदेशातल्या एका कंपनीचे हजारो सर्व्हर क्लाउडवर चालत. म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रांत भाड्याने जागा घ्यायची, लागेल तेव्हा तिथे आपलं यंत्र उभं करायचं, काम झालं की मोडून टाकायचं. प्रत्येक यंत्रात नव्याने लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, भरत कोण बसणार? म्हणून आधी एक साचा बनवून ठेवायचा. नको ते काढलेलं, हवं ते घातलेलं, कड्याकुलपं लावलेलं लिनक्स. त्याला इमेज म्हणतात. एका इमेजवरून पाच यंत्रं उठवा नाहीतर पाच हजार, सगळी एकसारखी. दर तीस दिवसांनी जुनी इमेज बाद आणि नवी तयार पाहिजे, असा त्या कंपनीचा नियम. राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानावर एक छोटं ऑफिस आहे, तिथे बसून ही इमेज बनवायची, कारण दुसरीकडून आत शिरायला कंपनीची परवानगी नव्हती. बनवायचा नौमान, आणि फक्त नौमान. त्या 'फक्त'मध्येच तो अडकला होता.

त्याची बायको आयेशा चार वर्षांपूर्वी गारगोटीच्या शाळेत कायम झाली. ती आणि मुलगी मदिहा तिकडे, नौमान कोल्हापुरात एका खोलीत. शनिवारी दुपारी गाडीला किक मारायची, सोमवारी उजाडता परत फिरायचं. सात वर्षांची मदिहा दार उघडल्यावर कधी 'अब्बा आले' म्हणून ओरडायची नाही. ती विचारायची, "कधी जाणार?" आणि त्याच्या हातातलं हेल्मेट घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर ठेवायची, म्हणजे सोमवारी शोधाशोध नको. पोरगी व्यवस्थित होती, आईवर गेली होती. नौमानला मात्र ते हेल्मेट तिथे दिसलं की दोन दिवस घास गोड लागत नसे.

सोडतो म्हणून त्याने मालकाला तीनदा सांगून पाहिलं. मालक अमरसिंह गोड माणूस. कधी आवाज चढवायचा नाही, उलट खुर्ची पुढे करायचा. "जा की, तुला कोण अडवलंय?" तो म्हणायचा. "तू घरचा माणूस हाईस. फकस्त तुझ्यामागं इमेज कोण बनवणार तेवढं सांग, आन् जा." यावर नौमानकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

ते उत्तर समजायला त्याच्या वडिलांकडे जावं लागेल. गौस मिस्त्री शिरोलीच्या फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवत. पॅटर्न वाळूत दाबायचा, त्या खड्ड्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, की पार्ट तयार. पण लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा वाढवून करावा लागतो. कुठे किती वाढवायचं, हे गौस मिस्त्री सगळं कागदावर देत, फक्त एक माप सोडून. प्रत्येक पार्टमधलं एक माप ते डोक्यात ठेवत. "सगळं ल्हून दिलं की मग मला कोण इचारतंय?" असं म्हणत आणि खुशीत हसत. फाउंड्रीला त्यांच्यावाचून करमेना, हे खरंच झालं. आणि त्यांची कधी सुटकाही झाली नाही, हेही तितकंच खरं. नौमानच्या लग्नादिवशीही फाउंड्रीवाल्यांनी त्यांना हळदीच्या हातांसकट शिरोलीला नेलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा तिसऱ्या दिवशी फाउंड्रीचा माणूस दारात आला. आधी डोळे पुसले आणि मग हळूच विचारलं, "मिस्त्रींनी मापाची कायतरी चिठ्ठी ठेवलीया काय?" चिठ्ठी नव्हती.

आता पोराचं ऐका. दोन हजार वीस साली ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या एका आठवड्यात रिकाम्या झाल्या. घरी वडिलांची किडनी गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. नौमान घाबरला. भ्यायलेला माणूस घरात पाहिलेलंच करतो. इमेज कशी बनवावी याची त्याने बावीस पायऱ्यांची लेखी कृती ठेवली होती. तिच्यातली एक ओळ त्याने काढून टाकली.

ओळ साधीच होती. यंत्र उठताना सगळ्यात आधी एक छोटी पुडी उघडते. त्या पुडीत क्लाउडची डिस्क ओळखणारा ड्रायव्हर लागतो. इमेज सडपातळ करताना असे शेकडो ड्रायव्हर गळायचे, त्यातला हा एक परत घालावा लागे. नाही घातला, तर यंत्र जागं होतं, स्वतःची डिस्क शोधत राहतं, ती सापडत नाही आणि तिथेच अडून बसतं. नौमान ती ओळ दर महिन्याला आपल्या हाताने टाइप करायचा आणि मागची खूण पुसायचा. नोकरी टिकली. दार पक्कं लागलं, आणि हा आतल्या बाजूला.

पुढच्याच वर्षी कृष्णात आला. बिद्रीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, हुशार, बोलायला मोकळाढाकळा. कृती समोर ठेवून त्याने इमेज बनवली. यंत्र उठलं नाही. पुन्हा बनवली, नाही उठलं. "नौमानभाई, मी काय इसरायलोय?" तो विचारायचा, आणि नौमान शेजारी बसून पडद्याकडे बघत "परत एकदा सगळं तपास" म्हणायचा. महिन्याभराने अमरसिंहने कृष्णातला आत बोलावलं. बाहेर आला तो पिशवी भरायलाच लागला. "मला न्हाय जमलं," तो म्हणाला. दारातून वळून एवढंच बोलला, "अब्बांस्नी जपा." तो आता बिद्रीला उसाच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरपुढे बसतो, असं नौमानच्या कानावर आलं होतं. बिद्री गारगोटीच्या वाटेवरच. दर शनिवारी काटा जवळ आला की नौमान हेल्मेटची काच खाली घ्यायचा आणि मान दुसऱ्या बाजूला फिरवायचा.

वडील गेल्यावर ती ओळ परत लिहून टाकता आली असती, नाही का? वाचायला सोपं आहे. पण मधल्या वर्षांत कंपनीचा नवा नियम आला होता: त्या कृतीत जो काही बदल होई तो नाव आणि तारखेसकट कायमचा नोंदला जाई. आज ओळ घातली की उद्या कुणीही विचारणार, ही इतकी वर्षं कुठे होती? आणि मग कृष्णात कशाने गेला, हे उघड्यावर येणार. नोकरीची भीती केव्हाच संपली होती. उरली होती ती लाज, आणि लाज भीतीपेक्षा चिवट असते.

या डिसेंबरात गारगोटीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सांभाळायची जागा निघाली. नौमानची निवड झाली. दोन फेब्रुवारीला, सोमवारी, इथून मोकळं केल्याचं पत्र घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. अमरसिंहने नेहमीसारखी खुर्ची पुढे केली. "नवी पोरगी घेतलीया, स्नेहल. तिच्या हातनं एक इमेज उठू दे. त्याच दिवशी पत्र देतो."

स्नेहल कागलची. वहीत सगळं लिहून घेणारी, एक शब्द वाया न घालवणारी. तिने पहिली इमेज बनवली. यंत्र उठलं नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. नौमान शेजारी बसून होता. रोज सकाळी आज सांगू असं ठरवून यायचा आणि रोज संध्याकाळी तसाच खोलीवर जायचा. एकतीस जानेवारी, शनिवार उजाडला. अकरा वाजता चौथं यंत्रही डिस्क शोधत बसलं. स्नेहलने वही मिटली. कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी पोरासारखी बोलायची ती. म्हणाली, "सर, मी काय इसरतोय तेच कळंना झालंय. मला न्हाय जमायचं. सायबांस्नी सांगून येतो."

ती उठलीसुद्धा. खुर्ची मागे सरकल्याचा तो आवाज नौमानने पाच वर्षांपूर्वी एकदा ऐकला होता.

"बस," तो म्हणाला. कीबोर्ड ओढला आणि तिच्यादेखत तेराव्या पायरीखाली ती ओळ लिहिली. स्वतःच्या नावाने नोंदवली.

स्नेहलने ओळ वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं. "ही तुमास्नी आधीपासनं म्हाईत हुती?"

"व्हय."

"मग म्हैनाभर मला कशापायी..." तिने वही पुन्हा उघडली. पुन्हा सगळ्या पायऱ्या केल्या, पाचवी इमेज बनवली. दीड वाजता यंत्र उठलं, डिस्क सापडली, आत येणाऱ्याचं नाव विचारायला लागलं. ती हसली नाही. "आणि कुणाला न्हाई सांगिटलं तुम्ही?" तिने विचारलं, आणि वहीत ती ओळ लाल पेनाने उतरवून घेतली.

नौमान तसाच अमरसिंहच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलून मोकळा झाला. वीस साली ओळ काढली, कृष्णातचा काही दोष नव्हता, लबाडी माझी. शिव्या खायची त्याची पूर्ण तयारी होती. अमरसिंहने नुसतं 'हं' केलं. ड्रॉवर उघडला, आतली एक घडी घातलेली जुनी चिठ्ठी बाजूला सारली, लेटरहेड काढलं आणि पत्रावर सही केली. "बरं केलंस सांगिटलंस," तो म्हणाला. "वैनींस्नी नमस्कार सांग." एवढंच. नौमान जिना उतरला तेव्हा त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण काहीतरी चुकल्यासारखंच वाटत होतं.

बिद्रीला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. नौमानने हेल्मेटची काच वर केली आणि गाडी काट्याकडे वळवली. कृष्णात खिडकीत बसला होता, थोडा सुटला होता. त्याला पाहून बाहेर आला. "या पावणं! आज सरळ बघून आलाय की! दर शनवारी तोंड फिरवून जाताय, मी बघतोय न्हवं."

नौमान वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरला. "कृष्णात, ती ओळ मी काढली होती," एवढंच तो बोलला.

"म्हाईत हाय की."

"कधीपासून?"

"तिसऱ्याच आठवड्यात घावली मला. चिठ्ठीवर ल्हून सायबाला नेऊन दिली. मला वाटलं, भाई गडबडीत इसरलं असतील." कृष्णातने रांगेकडे हात करून एका ट्रॅक्टरला थांबवलं. "सायेब म्हटला, झ्याक झालं, उद्यापासनं तूच बनव, नौमानला घरी घालवतो. अब्बा तवा डायलिसिसला हुते तुमचे. मी म्हटलं, मला न्हाय जमायचं. आन् आलो निघून. मला काय, शेत हुतं माघारी."

नौमानच्या डोळ्यांपुढे अमरसिंहच्या ड्रॉवरमधली ती चिठ्ठी आली. तीनदा त्याने सोडतो म्हटलं होतं. तिन्ही वेळा 'तुझ्यामागं कोण' असं विचारणाऱ्याच्या हाताशी, वीतभर अंतरावर, ती पडून होती.

"मला वाटलं," तो कसाबसा म्हणाला, "ती ओळ माझ्यापाशी आहे तोवर ते मला काढू शकणार नाहीत."

"काढलं न्हाईच की तुमास्नी," कृष्णात म्हणाला. त्यात कुचका सूर नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मागून हॉर्न वाजायला लागले. त्याने नौमानच्या खांद्यावर हात ठेवला, "जावा, पोरगी वाट बघत आसंल," म्हणाला आणि खिडकीत जाऊन बसला.

गारगोटीत पोहोचेपर्यंत उन्हं कलली होती. मदिहाने दार उघडलं. "कधी जाणार?"

"आता जायचं नाही. इथंच राहायचं."

तिने मान डोलावली. मोठी माणसं असं काहीबाही बोलतात, हे तिला सवयीचं होतं. तिने त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर नीट ठेवलं.